भिवराच्या ओसरीवरची लाखवात

किती जुनी गोष्ट आहे ते विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं. एका तळ्याकाठी एक गाव होतं, एवढं मात्र नक्की. त्या गावात शेजारी शेजारी दोन घरं होती आणि त्या घरांत द्वारका आणि भिवरा नावाच्या दोन मैत्रिणी राहत होत्या.

दोघी एकाच माहेरच्या. एकाच मांडवात दोघींची लग्नं लागली आणि एकाच बैलगाडीतून दोघी सासरी आल्या. दोन घरांच्या मधे मेंदीचं कुंपण होतं, पण जा-ये करून करून त्यांनी त्यात एक भगदाडच पाडलं होतं. पुढच्या दारानं एकमेकींकडे जाताना त्यांना कधी कुणी पाहिलं नाही.

स्वभाव मात्र अगदी वेगळे. भिवरा मोजकं बोलायची आणि फार टापटिपीची होती. तिच्या सारवलेल्या अंगणात कोंबडीसुद्धा बिचकत पाय टाकायची. आणि द्वारका? अहो, द्वारका बोलायला लागली की चुलीवरचं दूध उतू जायचं, पाहुणे गाडी जुंपून निघून जायचे, तरी तिचं वाक्य काही संपायचं नाही. मनानं मात्र बाई फार चांगली.

त्या वर्षी द्वारकेनं लाखवातीचा नेम धरला होता. चातुर्मासात आपल्या हातानं एक लाख वाती वळायच्या आणि कार्तिकातल्या पौर्णिमेला तळ्याकाठच्या देवळात तुपात भिजवून लावायच्या. रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, कापसाचं सूप पुढ्यात घ्यायचं. बोटांना राख लावायची आणि एकेका वातीसरशी देवाचं नाव घ्यायचं. देवळात दुपारची घंटा होईपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही.

हे मौन तिनं आपण होऊनच नेमात घातलं होतं. "माझी जीभ हाच माझा मोठा अवगुण. तोच देवाला वाहते," असं ती म्हणाली. ते ऐकून तिच्या सुनेनं मनातल्या मनात देवाला नारळ बोलला.

नेमाची ही तिसरी खेप. पहिल्या वर्षी मधेच लेकीचं बाळंतपण आलं. दुसऱ्या वर्षी एका माकडानं कापसाचं बोचकं पळवलं आणि द्वारकेनं आंब्याखाली उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. झालं, मौन तिथंच संपलं! म्हणून यंदा तिनं पदर खोचून सांगितलं होतं, "आता आभाळ कोसळलं तरी नेम मोडायचा नाही."

आभाळ कोसळलं, पण भिवराच्या घरावर.

भाद्रपदातली गोष्ट. भिवराचा नवरा शिदबा सकाळी शेतावर गेला, दुपारी बांधावर टेकला, त्याच्या छातीत कळ आली, आणि माणसं धावत पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सरळ, हसरा माणूस. गावातलं एक कुत्रंही त्याच्या वाटेवरून शेपूट न हलवता जात नसे.

द्वारका त्या दिवशी गेली. भिवराच्या गळ्यात पडून रडली. पण घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि तिच्या मनात आलं, आता सुतक फिटेपर्यंत त्या घरात जायचं म्हणजे शिवाशिव आली, आणि आपला नेम बाटणार. मग तिनं काय केलं? सुनेच्या हाती भगदाडातून भाजी-भाकरी पाठवली आणि आपण आपल्या घरात वाती वळत बसली. पलीकडून रडणं ऐकू यायचं. द्वारका देवाचं नाव जरा जोरात घ्यायची.

ताट मात्र रोज जसंच्या तसं परत यायचं.

तेरा दिवस झाले. नातलग पांगले. लांब दिलेली लेक चार दिवस जास्त राहिली, पण तिचीही लहान पोरं घरी होती; डोळे पुसत तीही गेली. भिवरा एकटी उरली. ती जेवतच नव्हती. दिवसातून ताकाचा घोट, कुणी फारच गळ घातली तर दोन घास, की लगेच भिंतीकडे तोंड करून आडवी. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि बाहेर येऊन हळूच सांगितलं, "रोग काही नाही. पण अशीच राहिली तर ही बाई दिवाळी बघायची नाही."

हे द्वारकेच्या कानावर आलं ते वाती वळताना. दुपारची घंटा झाली तशी ती उठली आणि तडक भगदाडातून पलीकडे गेली.

गेली, पण कशी? सारं ज्ञान बरोबर घेऊन गेली. जन्मभर कीर्तनं ऐकली होती तिनं. भिवराच्या उशाशी बसून तिनं सुरुवात केली. "अगं, आलेला प्रत्येकजण जाणारच. देवाची मर्जी! तुझं-त्याचं तेवढंच होतं. रडून का तो परत यायचाय? आणि सोन्यासारखं मरण आलं गं त्याला, अंथरुणात खितपत पडला नाही की कुणाला त्रास दिला नाही..." दिवेलागण होईपर्यंत ती बोलत होती. एकेक शब्द खरा होता. भिवरानं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि मग द्वारकेला तिचा चेहराच दिसेना.

द्वारका घरी आली ती खजील होऊन. 'वाती वळत बसले म्हणून असं झालं,' तिला वाटलं. 'मैत्रीण मरणाच्या दारात, आणि मी नेम सांभाळतेय! जळो तो नेम.' तिनं कापसाचं सूप फडताळावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती उजाडताच भिवराकडे जायची ती रात्रीच परतायची.

तिथं ती काय करायची? भिवराबरोबर रडायची. भिवराचं रडणं थांबलं की शिदबाची एखादी आठवण काढून पुन्हा रडायची. वाती नाहीत, देवाचं नाव नाही, मौन नाही. धड अंघोळही वेळेवर होईना. आठवड्याभरात भिवराच्या बरोबरीनं तीही खंगली. घरी सुनेवर खेकसायला लागली, नातवाच्या पाठीत धपाटा घातला, नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." बिचारा गप्पच बसला होता.

असे अकरा दिवस गेले आणि बाराव्या दिवशी व्हायचं तेच झालं. द्वारकेनं मऊ भात कालवून नेला होता. भिवरानं मान फिरवली. द्वारकेचा तोल गेला.

"किती दिवस चालायचं हे, भिवरे?" ती ओरडली. "माझी लाखवात सोडून मी इथं बसते! घरदार सोडून बसते! आणि तुला माझ्यासाठी एक घास गिळवत नाही?"

भिवरा सावकाश उठून बसली. तिचे डोळे कोरडे होते.

"मी बोलावलं नव्हतं तुला," ती म्हणाली. "जा द्वारके. तुझ्या वाती वळ जा."

चाळीस वर्षांत या दोघींमधे असं बोलणं झालं नव्हतं. द्वारकेनं हातातली वाटी खाली ठेवली. ती उठली, भगदाडाकडे पाहवेना म्हणून पुढच्या दारानं बाहेर पडली, घरी जाऊन कापसाचं सूप काढलं आणि ते घेऊन देवळात गेली.

देवळाच्या पडवीत म्हातारी गुरवीण पत्रावळी लावत बसली होती. देवळाची झाडलोट तीच करायची, घंटाही तीच वाजवायची, आणि गावातल्या कुणाचीही भीड तिला नव्हती.

"हा कापूस ठेव देवाच्या पायाशी," द्वारका म्हणाली. "माझा नेम मोडला. आणि मैत्रीणही तुटली. माझ्या हातून दोन्ही गेलं."

"बस," गुरवीण म्हणाली. "आधी श्वास घे. मग सगळं सांग, आणि थोडक्यात सांग. मला घंटा वाजवायची आहे."

द्वारकेनं सांगितलं. थोडक्यात काही जमलं नाही, पण सांगितलं. गुरविणीनं हातातल्या पत्रावळीला काडी टोचत विचारलं, "भिवराकडे जाताना तू काय काय नेलंस?"

"भाकरी पाठवली. मग कीर्तनातलं सगळं नेलं. मग रडू नेलं. शेवटी..." द्वारकेनं पदरानं डोळे पुसले. "शेवटी राग नेला."

"आणि घरी काय ठेवून गेलीस?"

द्वारकेनं विचार केला. "वाती. देवाचं नाव. आणि मौन."

"म्हणजे शहाणे, तुझ्याकडे जे चांगलं होतं ते फडताळावर ठेवलंस आणि राहिलेलं तिच्या गळ्यात घातलंस!" गुरवीण म्हणाली. "ते नाव घेतलंस की तुझा जीव थाऱ्यावर येतो. ते सोडून गेल्यावर दुसरीला धीर कशाचा देणार होतीस?"

"पण देवाच्या वाती नि दुखवट्याच्या घरात? बाटतील ना गं!"

"सुतक कधीच फिटलं. आणि देव इथंच या गाभाऱ्यात बसून असतो असं वाटतं का तुला? अगं, इथं मी असते दिवसभर. तो इथं असता तर या मेल्या वटवाघळांना त्यानंच हाकललं असतं! उचल ते सूप आणि जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकेनं अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, सूप काखेला मारलं आणि भगदाडातून भिवराकडे गेली. भिवरा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. जमिनीला कित्येक दिवसांत शेणाचा हात लागला नव्हता. जागोजागी पोपडे निघाले होते. द्वारका तिच्यापासून हातभर अंतरावर बसली. बोटांना राख लावली आणि वाती वळायला लागली. बोलली काहीच नाही. घंटा होईपर्यंत तिला बोलायचंच नव्हतं.

भिवरानं वाट पाहिली. आता ही समजूत काढेल, आता ही माफी मागेल, आता ही रडेल. काहीच झालं नाही. कापूस ओढल्याचा अगदी बारीक आवाज तेवढा येत होता. घंटा झाली तेव्हा द्वारका म्हणाली, "काल मी वाईट बोलले, भिवरे. उद्या येते." आणि गेली.

रस्त्यानं जाणाऱ्या एका शेजारणीनं हे पाहिलं आणि ती गावभर सांगत सुटली, "द्वारकेची लाखवात बाटली!" द्वारकेच्या कानावर ते आलं. तिच्या जिभेवर एक चांगलं खमंग उत्तर आलंही होतं. पण सकाळची वेळ होती, मौन होतं. उत्तर गिळून तिनं वात वळली, आणि तिला मोठं नवल वाटलं, कारण चार वाती वळून होईपर्यंत ते उत्तर काय होतं तेच ती विसरून गेली होती.

असे तीन दिवस गेले. द्वारकेचा जीव पुन्हा ठिकाणावर आला. ती घरी हसायला लागली. नातवाला तिनं गुळाचा खडा दिला आणि नवऱ्याला बोलायची परवानगी दिली. भिवरा काही बोलली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी तिनं कूस बदलली होती, आणि तिसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली होती. तिची नजर द्वारकेच्या बोटांवर होती.

चौथ्या दिवशी अचानक आवाज आला.

"किती जाड वळतेस गं! आणि ही बघ, सरकी तशीच राहिलीय. दिसत नाही का तुला?"

आनंदानं द्वारकेच्या हातातली वात गळून पडली. महिन्याभरात भिवरा आपण होऊन पहिल्यांदा बोलली होती! किती बोलावंसं वाटलं असेल द्वारकेला, कल्पना करा. तिनं ओठ घट्ट मिटले आणि नुसतं सूप भिवराकडे सरकवलं.

भिवरानं कापूस हातात घेतला. एक सरकी काढली. मग दुसरी. निगुतीनं कापूस पिंजून तिनं एक वात वळली, दोऱ्यासारखी बारीक. द्वारकेपुढे ती ठेवली आणि आणखी कापूस घेतला. बराच वेळ दोघींचे हात चालू राहिले.

मग खाली मान घालून भिवरा म्हणाली, "त्या दिवशी मी सारवत होते."

द्वारकेनं वर पाहिलं.

"सकाळीच. ओसरी ओली होती. हे गोठ्यातून आले, पाय चिखलानं भरलेले. म्हणाले, भाकरी वाढ, शेतावर जायचंय. मी म्हटलं, वाळल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ते हसले. म्हणाले, मग बाहेर उभा राहून खातो, दे. मी म्हटलं, हात राडीचे आहेत, थांबा म्हटलं तर थांबवत नाही का? ओरडलेच मी, द्वारके. ते म्हणाले, बरं बाई, वाळू दे, दुपारी येऊन जेवतो. आणि गेले."

ती थांबली. तिनं चुलीकडे बोट केलं.

"भाकरी भाजून दुरडीत ठेवली होती. दोन पावलांवर. जन्मभर राबलेला माणूस माझ्या दारातून उपाशी गेला, आणि उपाशीच मेला. आणि तुम्ही सगळे मला म्हणता, जेव! मी कशी जेवू?"

आता बघा हं. द्वारकेच्या तोंडाशी शब्द येऊन उभे होते. 'छे गं, वेडी का तू? असं का कुणी मनाला लावून घेतं?' मौन नसतं तर ते तिथल्या तिथं बाहेर पडले असते. भिवरानं पुन्हा पदर ओढून घेतला असता, आणि महिनाभर तिच्या गळ्याशी अडकलेलं हे सगळं पुन्हा आत गेलं असतं. पण नेम होता. द्वारकेला बोलता येत नव्हतं, म्हणून तिला ऐकावंच लागलं. तिचे डोळे वाहत होते, आणि बोटांमधली वात भिजून उलगडली होती.

भिवरा बोलत राहिली. पहिल्यांदाच तिला मधे कुणी तोडत नव्हतं. शिदबा कसा हसला, कुठल्या खांबाला टेकला होता, जाताना त्यानं गाईला काय म्हटलं, सगळं तिनं सांगितलं. सांगता सांगता ती पोटभर रडली.

आणि देवळात घंटा झाली.

मौन संपलं. द्वारका आता काहीही बोलू शकत होती. कीर्तनातलं सगळं ज्ञान तिला पुन्हा आठवलं, पण आता त्यातलं काहीच उपयोगी वाटेना. तिनं भिवराचा राखेनं माखलेला हात हातात घेतला.

"शिदबा उपाशी गेला, हे खरं आहे, भिवरे," ती म्हणाली. "फार वाईट झालं. मला फार वाईट वाटतंय."

भिवरानं चमकून तिच्याकडे पाहिलं. 'तसं काही नाही' असं न म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं.

मग द्वारका म्हणाली, "आणि मीही सकाळपासून उपाशी आहे. नेम संपल्याशिवाय खात नाही मी. आज मला तू वाढ."

"मी?" भिवरा म्हणाली. "घरात पीठसुद्धा नसेल."

"पीठ मी आणते. भाकरी तू कर. तुझ्या हातची हवी मला."

भिवरानं पुढ्यातला कापूस सुपात ठेवला. मग खांबाला धरून उठली. तिनं चूल पेटवली. कित्येक दिवसांनी त्या घरातून धूर वर गेलेला शेजाऱ्यांनी पाहिला. तिनं पीठ मळलं, परातीत भाकरी थापली, भाजली आणि ताटात द्वारकेपुढे ठेवली. कांदा फोडून दिला. मीठ वाढलं. दारातून कुणी उपाशी जाऊ नये म्हणून जे हात तळमळत होते, त्यांना अखेर कुणालातरी जेवू घालता आलं.

द्वारका जेवायला लागली. मुकाट्यानं, भूक लागलेली माणसं जेवतात तशी. भिवरा तव्यापाशी बसून पाहत होती. दुसरी भाकरी फुगली, तिनं ती उतरवली आणि ताटात टाकायला हात पुढे केला. मग तिनं त्याच भाकरीचा एक तुकडा मोडला आणि आपल्या तोंडात घातला.

द्वारकेनं पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही. तिनं नुसती मिठाची वाटी सरकवली.

त्या दिवसापासून दोघी सकाळी गप्प बसून वाती वळायच्या आणि घंटेनंतर एकत्र जेवायच्या. दिवाळी आली, ती भिवरानं पाहिली. कार्तिकातली पौर्णिमा आली, तेव्हा मोजल्या तर वाती लाखाला तीन हजार कमी भरल्या. शेजारीण खुदकन हसली. द्वारकेला तिसऱ्यांदा अपुऱ्या राहिलेल्या नेमाचं दुःख व्हायला हवं होतं, पण ते काही झालं नाही. तिनं गुरविणीला विचारलं, "आता गं?" गुरवीण म्हणाली, "देव काय मोजत बसलाय का? लाव!" संध्याकाळी भिवरानं आणि द्वारकेनं मिळून वाती लावल्या, तेव्हा त्या उजेडात भिवराचे गाल जरा भरल्यासारखे दिसत होते, आणि द्वारका इतकी सुखावली होती की तिला बोलायचंच सुचलं नाही. तिची सून घाबरून विचारायला आली, "सासूबाई, बरं वाटत नाही का?"

पुढे त्या गावात कुणाच्या घरी दुःख आलं की या दोघी कापसाचं सूप घेऊन तिथं जाऊन बसायच्या. काही विचारायच्या नाहीत, काही शिकवायच्या नाहीत. घरातलं माणूस बोलेपर्यंत वाती वळत राहायच्या, आणि ते बोलायला लागलं की ऐकायच्या.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: उपासनेला बसताना दुःखी मैत्राला दाराबाहेर ठेवू नये, आणि त्याचं दुःख हलकं करायला जाताना आपली उपासना घरी ठेवून जाऊ नये.